पाण्याच्या दिवशी पैठण

सरांच्या घरी पाहुण्याने कशालाही हात लावू नये, असा अलिखित नियम होता. दार लोटलं की घंटा वाजायची, घंटा वाजली की व्हरांड्यातला दिवा लागायचा, आणि भर दुपारी दिवा का लागला हे बघायला काकू हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. सरांच्या मते या सगळ्यातून काकूंचे श्रम वाचत होते. ते नेमके कुठे वाचत होते, हे विचारायची आमची टाप नव्हती, कारण सर आमचे प्रोजेक्ट गाइड होते आणि अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते.

शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला तिघातिघांचे गट पडायचे आणि प्रत्येक गटाला एक प्रोजेक्ट करावा लागायचा. इतर प्राध्यापक विषय शोधायला परदेशी मासिकं चाळत, सर स्वयंपाकघरात जात. "ज्याच्या घरातला नळ गळतो त्याने रॉकेटवर बोलू नये," असं ते पहिल्याच तासाला सांगायचे. त्यांच्या स्वतःच्या घरातला नळ गळत होता, पण त्याच्यावर एक गट काम करत होता.

प्रत्येक वर्षाची यंत्रं परीक्षा संपली की सरांच्या घरी राहायला जात. कॉलेजला ती नको असायची आणि बाहेर कुणी फुकटसुद्धा नेली नसती. काकू त्यांच्यातून वाट काढत संसार करायच्या. सर आमच्यासमोर काकूंचा उल्लेख 'ग्राहक' असा करत. "ग्राहकाची तक्रार आली आहे," असं ते वर्गात येऊन गंभीरपणे सांगत, आणि काल त्यांच्या घरी उसळ कच्ची राहिली, एवढं आम्ही समजून जायचो.

उसळ कच्ची राहण्याचंही एक यंत्र होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस आपोआप बंद करणारं. आमच्या आधीच्या कुठल्याशा गटाने ते केलं होतं आणि त्यांना त्यात पहिला वर्ग मिळाला होता. यंत्र शिट्टीच्या आवाजावर चाले. फक्त शिट्टी कुणाच्या कुकरची, हे त्याला कळत नसे. सरांची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून. शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली, की इकडे काकूंचा गॅस बंद व्हायचा आणि सरांना अर्धकच्चा भात मिळायचा. काकूंनी ही तक्रार केल्यावर सरांनी शेजारणीला स्वयंपाकाची वेळ बदलायची विनंती केली. यंत्रात बदल करायचं त्यांच्या मनातही आलं नाही. शेजारीण सज्जन होती, म्हणून फक्त हसली.

पाऊस आला की वाळत घातलेले कपडे आपोआप आत ओढणारी दोरी तर आम्ही डोळ्यांनी पाहिली. आमच्याकडे पाऊस किती पडतो हे विचारात न घेता केलेला तो प्रोजेक्ट होता. वर्षातले बहुतेक दिवस दोरीला काहीच काम नसे. उन्हाळ्यात मात्र काकू अंगणात सडा टाकायच्या, चार थेंब दोरीच्या पाऊस ओळखणाऱ्या डबीवर उडायचे आणि ओली साडी सरसर करत घरात शिरायची. नंतर काकू सडा टाकायच्या आधी डबीवर वाटी पालथी घालू लागल्या. सरांनी ती वाटी पाहिली आणि 'ग्राहकाने केलेली सुधारणा' म्हणून तिचं वर्गात कौतुकही केलं.

सरांच्या खिशात पेन नसायचं, टेस्टर असायचा. लग्नाला गेले की अक्षता हातात घ्यायच्या आधी ते मांडवाच्या लोखंडी खांबांना टेस्टर लावत फिरायचे. एका लग्नात खरंच एका खांबात करंट निघाला. सरांनी भटजींना हातानेच थांबवलं, मुख्य स्विच बंद केला, आणि पुढचं सगळं लग्न पेट्रोमॅक्सच्या उजेडात लागलं. मुलीचे वडील विझलेल्या दिव्यांच्या माळांकडे बघत उभे होते. सर त्यांना म्हणाले, "राजे, जावई जिवंत आहे. उजेडाचं काय, तो उद्या येईल." सगळ्यांना ते राजे म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. फार खूश झाले तर "ठीक आहे" म्हणायचे. नाखूश असले तर "उपयोग काय?" असं विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत तुमच्याकडे बघत राहायचे. दौलताबादच्या किल्ल्यावर आमची सहल गेली होती. सगळे खंदक बघत होते, भुयारात किंचाळत होते, आणि सर धापा टाकत चढताना एकच विचार करत होते. एवढ्या उंचावर पाणी कोण चढवत असेल? कुठल्या युक्तीने? आमच्यातला दत्ता गंगापूरकडच्या शेतकरी घरातला. तो सहज म्हणाला, "बायकाच चढवत आसतील की सर." सगळे हसले. सर हसले नाहीत, आणि वरपर्यंत काही बोललेही नाहीत. आम्हाला वाटलं, दम लागला असेल.

आमचा गट म्हणजे दत्ता, जुन्या शहरातला अझहर, आणि मी. मी नाशिकचा. म्हणजे नळ सोडला की पाणी येतं, अशा अडाणी समजुतीत वाढलेला.

सरांच्या वसाहतीत पाणी दोन दिवस सोडून यायचं. दिवस ठरलेला, वेळ देवाला ठाऊक. कधी सकाळी यायचं, कधी भर दुपारी. आलं की तासभर राहायचं, कधी तेवढंही नाही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी प्रत्येक घरातलं एक माणूस घरात अडकलेलं असे. प्रत्येक घरातलं ते एक माणूस बाईच कशी असायची, यावर कुठल्याही गटाने कधी प्रोजेक्ट केला नाही.

शिवाय पाण्याला जोर नसे. म्हणून जो तो आपल्या नळाला मोटार लावून पाणी ओढायचा. हे बेकायदेशीर होतं, आणि सगळेच करत असल्याने कुणाला त्याची लाज वाटत नसे. सरांचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, चढावर. तिथली गंमत अशी, की पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटते, आणि ती हवा सगळ्यात आधी वरच्या टोकाला, म्हणजे सरांच्या अंगणातल्या नळातून फुसफुसत बाहेर यायची. पाणी मात्र खालच्या घरांना आधी मिळायचं. अख्ख्या गल्लीला पाण्याची वर्दी काकूच द्यायच्या. फाटकाशी येऊन हाक मारायच्या, "नळ आले गं." मग गल्लीभर मोटारी सुरू व्हायच्या. गल्लीत काकूंना फार मान होता. स्वतःच्या आधी दुसऱ्याचा विचार करणारी बाई, असं सगळ्या म्हणायच्या.

आणि काकूंचं माहेर पैठण. हे मला कळलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. शहराला पाणी येतं तेच मुळी पैठणहून, जायकवाडीच्या धरणातून. म्हणजे काकूंच्या माहेरचं पाणी त्यांच्या सासरी नियमाने यायचं, आणि काकूंना माहेरी जाता यायचं नाही, कारण माहेरचं पाणी यायचं असायचं. मी हे बोलून दाखवलं. काकू मेथी निवडत होत्या. त्याही हसल्या, आणि मग हसता हसता त्यांनी पुढचं सांगितलं.

त्यांचे वडील फार आजारी असल्याचा निरोप आला, तो पाण्याचा दिवस होता. एसटीने पैठण काही लांब नाही. सर म्हणाले, पाणी झालं की लगेच निघू. आणि पाणी त्या दिवशी दुपार टळेपर्यंत आलं नाही. "भरून झालं अन् निघालो," काकू म्हणाल्या. "गेलो तं बाबाला नेलं व्हतं. लोक घाटावरून परत येत व्हते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "ह्यांचं बी काय चुकलं? पाणी नसतं भरलं तं तीन दिवस काय केलं असतं." एवढं बोलून त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि आत गेल्या.

अझहर आमच्या प्रोजेक्टसाठी पाइपाचं माप घेत होता. ते त्याने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मला त्या दिवशी सरांचा फार राग आला, आणि त्यांची कीवही आली. ती दारावरची घंटा, ती दोरी, तो शिट्ट्या मोजणारा डबा, हे सगळं घर कशासाठी भरलं जातंय ते एकदम कळलं. हा माणूस वर्षानुवर्षं पोरांकडून बायकोची माफी मागवून घेत होता, आणि प्रत्येक माफीने तिचं काम वाढत होतं.

सरांनी आम्हाला विषय दिला होता तो असा: पाण्याच्या दिवशी ग्राहक घरात नसतानाही घरात पाणी भरलं गेलं पाहिजे. कागदावर हेच लांबलचक इंग्रजीत लिहिलं होतं.

युक्ती सरांचीच. जगातला कुठलाही इंजिनिअर पाणी आल्यावर यंत्र सुरू करेल, ते म्हणाले, आपण पाण्याच्या आधी करायचं. हवेवर. नळाच्या तोंडाशी खेळण्यातला पंखा बसवायचा. हवा फुसफुसली की पंखा फिरणार, पंखा फिरला की मोटार सुरू, आणि पाणी येईल तेव्हा मोटार तयारच. गच्चीवरची टाकी भरली की तरंगता गोळा मोटार बंद करणार. दत्ताने जत्रेतून पंखा आणला. अझहरने जोडण्या केल्या, कारण त्याच्या हाताला त्या शोभायच्या. मी अहवाल लिहिला, कारण मला तेवढंच यायचं.

दोन-तीन पाण्याच्या दिवशी चाचणी झाली आणि यंत्र चक्क चाललं. पंखा फिरला, मोटार लागली, जराशाने पाणी आलं, टाकी भरली, मोटार थांबली. सरांच्या घरातलं सांगितलेलं काम करणारं ते पहिलं यंत्र असावं. काकू शेजारी उभ्या राहून बघायच्या आणि मग नेहमीसारख्या फाटकाशी जाऊन गल्लीला हाक मारायच्या. सर म्हणाले, "ठीक आहे." आम्ही तिघांनी त्या दिवशी गुलमंडीवर जाऊन इम्रती खाल्ली.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण बाहेरचे परीक्षक प्रोजेक्ट बघायला सरांच्या घरी येणार होते, आणि सरांना एकदम वाटू लागलं की यंत्र फार गुपचूप चालतं. यश ऐकू आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा एक जुना विद्यार्थी वाळूजला कारखान्यात नोकरीला होता. त्याने कुठल्यातरी बंद पडलेल्या शेडमधला पाळी सुटल्याचा भोंगा आणून दिला. पंखा फिरला की मोटारीबरोबर हा भोंगाही वाजणार. आम्ही म्हणालो, एकदा वाजवून बघू. सर म्हणाले, साखरपुड्याला वरात काढत नाहीत. भोंगा झाकून ठेवला गेला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही अंगणात वायरी बांधत होतो, तेव्हा समोरच्या वहिनी निरोप घेऊन आल्या. गल्लीत फोन त्यांच्याकडेच होता. काकूंची आई न्हाणीत पडली होती. शुद्धीवर होती, पण लेकीचं नाव घेत होती. काकू तिथेच ओट्यावर बसल्या. थोड्या वेळाने सवयीने म्हणाल्या, "उद्या तं पाणी हाय. परवा जाते."

सर हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, "उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने जा. पाण्याचं यंत्र बघेल."

काकूंनी सरांकडे बघितलं, मग यंत्राकडे, आणि मग आम्हा तिघांकडे. त्या घरातल्या यंत्रांचा त्यांचा अनुभव दांडगा होता. "लेकरांनो, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "चालंल ना?"

"चालंल काकू," दत्ता म्हणाला. "तुम्ही जा बिनघोर."

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा काकू निघून गेल्या होत्या. स्वयंपाकघरात रिकामे हंडे, कळश्या, पिंप ओळीने लावून ठेवले होते. जाणाऱ्या बाईचा यंत्रावर कितपत विश्वास होता, ते त्या ओळीवरून दिसत होतं. सरांनी इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातला होता. परीक्षक आले. बारीक चणीचे, सफारीतले, मितभाषी गृहस्थ. त्यांना बदामाच्या झाडाखाली खुर्ची दिली. सरांनी यंत्रावर बोलायला सुरुवात केली ती पार ग्राहकापासून. नळात हवा दुपारी सुटली, तोवर परीक्षकांचा दोनदा चहा झाला होता आणि डोळे मिटत चालले होते.

पंखा फिरला. मोटार लागली. आणि भोंगा वाजला.

असा आवाज त्या वसाहतीने कधी ऐकला नव्हता. परीक्षकांच्या हातातली बशी पडली. झाडावरचे कावळे दौलताबादच्या दिशेने गेले. लोक बाहेर धावले, आणि भोंगा कुठून वाजतोय ते बघताच प्रत्येकाला अर्थ कळला: काकूंच्या घरून वर्दी आली, नळ आले. जो तो परत आत पळाला. पाणी अजून गल्लीच्या तोंडाशीसुद्धा पोचलं नव्हतं, आणि गल्लीतल्या यच्चयावत मोटारी एका दमात सुरू झाल्या.

त्यानंतर काय होणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आलेलं पाणी खालच्या घरांनी तिथल्या तिथे ओढून घेतलं. वरच्या टोकाला आमची मोटार नुसती हवा ओढत राहिली. सर परीक्षकांना सांगत होते की हा सुरुवातीचा काळ आहे, आता कुठल्याही क्षणी. मोटारीचा आवाज आधी बारीक झाला, मग चिरका. मग जळका वास आला.

"सर," अझहर म्हणाला, "जल गई."

 भोंगा बंद करायचं सुद्धा दत्ताला उशिरा सुचलं. तेवढ्यात समोरच्या वहिनी फाटकाशी आल्या. त्यांनी धूर बघितला, आमची तोंडं बघितली, आणि मनापासून काळजीने विचारलं, "काकूंना फोन लावू का पैठणला? आत्ताची गाडी मिळाली तर येतील की."

त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. आम्हालाही वाटलं नाही, हे खरं. पाण्याच्या दिवशी पाणी भरायला बाई नाही, तर बाईला बोलवायचं, एवढा साधा हिशेब.

सर टायची गाठ सोडत होते. "नाही," ते म्हणाले. "तिला एकदा थांबवलं होतं मी. आता नाही."

त्यांनी टाय खिशात कोंबला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आतून हंडा घेऊन आले. खिशात टेस्टर तसाच होता. नळाला आता बारीक धार लागली होती, करंगळीएवढी. ती मोटारीशिवाय गच्चीवर जाणार नव्हती, स्वयंपाकघरातही जाणार नव्हती. ती हाताने न्यायची होती. हाताने करायच्या कामासाठी देवाने इंजिनिअर केले नाहीत, असं वर्षानुवर्षं सांगणारा माणूस नळाखाली हंडा धरून उकिडवा बसला.

सरांना पाणी भरता येत नव्हतं. हंडा त्यांनी छातीशी धरला, आणि निम्मं पाणी शर्टात गेलं. पिंप विसळून घ्यायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. आधीचं गढूळ पाणी त्यांनी पिण्याच्या माठात ओतलं आणि नंतरचं निर्मळ मोरीतल्या बादलीत. वहिनी फाटकातून सूचना देऊ लागल्या. मग त्यांच्या शेजारी आणखी दोघी आल्या. मग गल्लीतली एकेक मोटार बंद होऊ लागली. कुणाला आमची दया आली, असं समजू नये. सर पाणी भरतायत, हे दृश्य सोडून मोटारीपाशी उभं राहायची कुणाची तयारी नव्हती. कारण काहीही असो, मोटारी थांबल्या आणि आमच्या नळाची धार मनगटाएवढी झाली. लाइनवरच्या मोटारी बंद करा म्हणून सरकारी माणसं येऊन जायची तेव्हा जे झालं नाही, ते सरांच्या दुमडलेल्या पँटने केलं.

आम्ही तिघंही भिडलो. परीक्षक मात्र खुर्चीतच होते. त्यांनी घड्याळ बघितलं, आमचा अहवाल मांडीवर घेतला आणि पाण्याने निथळणाऱ्या दत्ताला थांबवून विचारलं, "प्रोजेक्टचं उद्दिष्ट काय होतं?"

अहवालात ते मी छान इंग्रजीत लिहिलं होतं. दत्ताच्या हातात कळशी होती. तो म्हणाला, "सर, पाण्याच्या दिवशी काकूंना पैठणला जाता आलं पाह्यजे, अन् इथं पाणी भरलं पाह्यजे."

"काकू कुठे आहेत?"

"पैठणला."

"आणि पाणी?"

दत्ताने सरांकडे बघितलं. सर हंडा घेऊन पायरीवर एक पाय ठेवून उभे होते, दम खात. "भरतोय," सर म्हणाले.

परीक्षकांनी अहवाल मिटला.  जाताना त्यांनी मोटार जळाल्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त सरांना म्हणाले की हंडा कमरेवर घ्या, छातीवर घेतला तर पाठ जाईल. आम्ही तिघंही पास झालो, आणि तेही बरे पास झालो.

काकू त्या खेपेला पैठणला बरेच दिवस राहिल्या. आईला त्यांच्या हातून पाणी पाजणं, न्हाऊ घालणं झालं. नंतर म्हातारी गेली, पण लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. मधल्या काळात पाण्याचे दिवस येतच होते. कॉलेज सुटलं तरी आम्ही सरांच्या मदतीला जात होतो. दुरुस्त मोटार बसवून देतो म्हटलं तर ते म्हणाले, थांबा राजे, घाई नाही. एकदा आमच्यादेखत काकूंचा फोन आला. सर समोरच्या घरी जाऊन उभे राहिले, ओलेच. पलीकडून काकूंनी काय विचारलं असेल ते सरांच्या उत्तरावरून कळलं. "चालतंय," ते म्हणाले. "नीट चालतंय. जरा कण्हतं, एवढंच."

काकू परत आल्यावर त्यांना सगळं कळलं. गल्ली होती ना सांगायला. त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग आम्हाला म्हणाल्या, "आरं, हवा आल्यावर कुणी हाक मारतंय व्हय? आधी आपलं पिंप भरायचं गुमान. मंग बाहेर येऊन म्हणायचं, नळ आले." आमचं गोंधळलेलं तोंड बघून त्या जराशा लाजल्या. स्वतःच्या आधी दुसऱ्याचा विचार करणाऱ्या काकूंचा मान गल्लीत आजही आहे. आम्ही तिघांनी हे कुणाला सांगितलं नाही.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. शहराचं नाव बदललं, नळाचे दिवस आणखी लांबले. परवा कामासाठी गेलो होतो, म्हणून सरांकडे डोकावलो. दार लोटलं, घंटा वाजली नाही. यंत्रं भंगारात गेली होती, त्या शिट्ट्या मोजणाऱ्या डब्यात काकूंनी कोरफड लावली होती. पाण्याचा दिवस होता. सर ऐंशीच्या आसपासचे, पाठ वाकलेली, अंगणात छोट्या बादलीने पाणी भरत होते. बादली अर्धीच भरायची, हा त्यांचा नवा शोध. काकू घरात नव्हत्या. पैठणला कुणी भाची होती, तिच्या पोरीचं बारसं होतं. म्हणजे पाण्याचा दिवस बघून त्या मुद्दाम निघाल्या होत्या की काय, अशी मला शंका आली.

मी बादली त्यांच्या हातातून घेतली. म्हटलं, सर, आता बाजारात सगळं मिळतं. पाणी आलं की फोनवर कळतं, मोटार आपली आपण चालू होते, बंद होते. मी बसवून देतो, तुम्ही या वयात हे कशाला करता.

सरांनी माझ्याकडे ते जुनं 'उपयोग काय' असं बघितलं. माझ्या हातातून बादली परत घेतली, आणि कमरेवर टेकवली.

"आपलं आहे ना ऑटोमॅटिक," ते म्हणाले. "ती घराबाहेर पडली, की पाणी आपोआप भरतं."